लेखनसीमा आणि प्रेषकाचे नाव

मराठीच्या प्राध्यापकांची एक छोटी मेलिंग लिस्ट अनेक वर्षे चालू आहे. आम्हीही तिचे जुने सभासद आहोत. शब्दांच्या व्युत्पत्तीपासून विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत हरएक विषयावर तेथे वाद झडले आहेत. या वादांत हिरिरीने भाग घेणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना आम्ही सारे नुसते 'सर' म्हणत असू, ते वारले तेव्हा त्यांची यादीवरची पत्रे एकत्र करावीत असे आम्ही ठरविले. काम सोपे वाटले होते. जुन्या दप्तरात त्यांचा पत्ता टाकून शोध घ्यायचा, पत्रे तारीखवार लावायची आणि टिपा द्यायच्या. २०१८ पर्यंतची पत्रे अशी भराभर सापडली. त्यानंतरचे एकही पत्र सापडेना.

सरांनी लिहिणे थांबविले नव्हते, हे तर आम्हांस पक्के ठाऊक होते. शेवटी पत्रे एकेक करून उघडल्यावर उलगडा झाला. त्या वर्षानंतरच्या प्रत्येक पत्रावर, मग ते कोणाचेही असो, प्रेषक म्हणून यादीचाच पत्ता होता. कोठे नावापुढे 'व्हाया' आणि यादीचे नाव, तर कोठे लिहिणाऱ्याचे नावही नाही. यादीच्या चालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आम्हीच तसे करून ठेवले आहे. नाहीतर पत्रे पोहोचतच नव्हती." पत्र पोहोचावे म्हणून पत्रलेखकाचे नाव पुसावे लागावे, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटली. म्हणून आम्ही तिच्या इतिहासाच्या मागे लागलो. तो इतिहास तांत्रिक आहे खरा, परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. एखाद्या मजकुराखाली वा मजकुरावर असलेले नाव कोणाचे असते, आणि ते खरे आहे हे कोणी ठरवायचे, हाच तो प्रश्न होय.

आरंभ १९८२ पासून करू. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ई-मेलच्या व्यवहाराचे दोन मूलभूत आराखडे प्रसिद्ध झाले. जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ हा पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसे न्यावे हे सांगतो. डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२ पत्राचे रूप कसे असावे हे सांगतो. या दोन दस्तऐवजांमुळे ई-मेलला दोन प्रेषक मिळाले. एक लिफाफ्यावरचा, म्हणजे पत्र पोहोचले नाही तर ते कोणाकडे परत पाठवायचे तो पत्ता. दुसरा आतल्या कागदाच्या मथळ्यावरचा, 'फ्रॉम' या शब्दापुढे येणारा. वाचणाऱ्याला दिसतो तो हा दुसरा. लिफाफा वाटेतली यंत्रे वाचतात आणि पत्र हाती पडण्यापूर्वीच तो जवळजवळ नाहीसा होतो.

मथळ्यातही आणखी एक भेद केलेला होता. पत्राचा कर्ता 'फ्रॉम'मध्ये, आणि त्याच्या वतीने प्रत्यक्ष पत्र धाडणारा 'सेंडर'मध्ये. २००१ साली या आराखड्याची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात हा भेद चिटणिसाच्या उदाहरणाने समजावला आहे. चिटणिसाने दुसऱ्यासाठी पत्र पाठविले तर 'सेंडर' चिटणीस आणि 'फ्रॉम'मध्ये ज्याचे पत्र तो. आपल्याकडच्या दप्तरखान्यांत मुरलेल्या अभ्यासकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. मजकूर कोणाचा आणि हस्ताक्षर कोणाचे, हा भेद ऐतिहासिक पत्रे वाचताना पदोपदी करावा लागतो. परंतु दप्तरखान्यात शिक्का-मोर्तब असे. १९८२ च्या आराखड्यात तसे काहीच नव्हते. मथळ्यावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, टपाल ते निमूटपणे पोहोचवीत असे. तेव्हाच्या जाळ्यावर विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सरकारी कचेऱ्या एवढाच गोतावळा होता. कुलपाची गरज कोणाला भासली नाही.

याच मोकळिकीत मेलिंग लिस्ट वाढली. किंबहुना ती या आराखड्यांहूनही जुनी आहे. अमेरिकेच्या आर्पानेटवर १९७५ मध्ये 'एमएसजी-ग्रुप' नावाची यादी सुरू झाली. ई-मेल कसे असावे यावरच तिच्यात चर्चा चाले. १९८६ मध्ये एरिक टोमा यांनी लिस्टसर्व्ह या आज्ञावलीला असे रूप दिले की सभासदांची नोंदणी व वाटप यंत्रच करू लागले. पुढे मेलमन ही मुक्त आज्ञावली आली आणि विद्यापीठांपासून हौशी मंडळांपर्यंत सर्वांना यादी चालविणे सोपे झाले. २००० मध्ये याहूने ईग्रुप्स ही कंपनी विकत घेतली. तिच्यातून निघालेल्या याहू ग्रुप्सवर मराठी मंडळींनीही कितीतरी गट थाटले होते.

यादीचे काम वरकरणी साधे आहे. एकाने यादीच्या पत्त्यावर पत्र टाकायचे, यादीने त्याच्या प्रती काढून सर्वांना वाटायच्या. मात्र वाटताना ती तीन गोष्टी करते. लिफाफ्यावर ती स्वतःचा परतीचा पत्ता घालते, म्हणजे न पोहोचलेली पत्रे लेखकाकडे न जाता यादीकडे येतात. विषयाच्या आधी ती कंसात आपले नाव घालते, म्हणजे वाचणाऱ्याला पत्रे वेगळी काढता येतात. आणि मजकुराखाली ती चार ओळींची तळटीप जोडते, सभासदत्व रद्द करावयाचे असल्यास काय करावे, वगैरे. 'फ्रॉम'ला मात्र ती हात लावीत नसे. पत्र ज्याचे त्याचेच नाव वर राही. चाळीस माणसे एका खोलीत बसून बोलत आहेत असा जो भास चांगल्या यादीवर होतो, त्याचे कारण हेच होते.

जाळे सर्वांसाठी खुले झाल्यावर या मोकळिकीचा गैरफायदा घेणारेही आले. प्रथम नको असलेल्या जाहिराती आल्या, मग बँकेच्या नावाने पासवर्ड मागणारी खोटी पत्रे. तेव्हा शिक्का-मोर्तबाची आठवण झाली. तो तीन टप्प्यांत आला, आणि प्रत्येक टप्प्यात यादीचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

पहिला टप्पा एसपीएफचा. याची कल्पना २००३ च्या सुमारास आकाराला आली आणि २००६ मध्ये तिचा आरएफसी निघाला. डोमेनचा मालक, म्हणजे पत्त्यातील '@' या चिन्हापुढच्या नावाचा मालक, आपल्या नावाचे टपाल कोणकोणत्या यंत्रांवरून निघते याची जाहीर नोंद ठेवतो. पत्र घेणारा लिफाफ्यावरचे डोमेन पाहतो आणि पत्र आणणारे यंत्र त्या नोंदीत आहे का, हे तपासतो. यादीला याचा त्रास झाला नाही. लिफाफ्यावर यादीचेच नाव असल्यामुळे ती स्वतःच्या नावावर परीक्षा उत्तीर्ण होत असे.

दुसरा टप्पा डीकेआयएमचा. याहूची डोमेनकीज ही पद्धत आणि सिस्कोची तत्सम एक पद्धत यांच्या संयोगातून तो घडला व मे २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यात पत्र पाठविणारे डोमेन पत्राच्या मजकुराचा आणि मथळ्यातील निवडक ओळींचा एक गणिती गोषवारा काढते आणि त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करते. पडताळणीची किल्ली जाहीर असते. मजकुरात एक अक्षर वाढले तरी सही जुळत नाही. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा, लेखनसीमेचे मोर्तब उमटवीत. हेतू हाच, की मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही लिहिल्यास ते आमचे नव्हे. डीकेआयएम ही ई-मेलची लेखनसीमा आहे. आणि मेलिंग लिस्ट तर नेमकी त्या मोर्तबाखालीच आपली तळटीप जोडते! विषयात आपले नाव घालून ती मथळाही बदलते. लेखकाच्या घरची सही अशा रीतीने यादीच्या दारातच मोडते.

ही अडचण जाणकारांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. डीकेआयएम आणि मेलिंग लिस्ट यांच्या संबंधावर सप्टेंबर २०११ मध्ये एक स्वतंत्र आरएफसी, ६३७७ क्रमांकाचा, प्रसिद्ध झाला होता. पण तोवर मोडलेली सही म्हणजे सही नसणे, एवढाच तिचा अर्थ होता. बिनसहीचे पत्र म्हणून कोणी ते फेकून देत नव्हते.

तिसऱ्या टप्प्याने ते फेकून देण्याचा अधिकार दिला. पेपॅलने २००७ मध्ये याहूशी आणि पुढे जीमेलशी अशी समजूत केली होती की, आपल्या नावाने आलेले पण आपली खूण नसलेले टपाल त्यांनी स्वीकारूच नये. पैशाच्या व्यवहारात हे योग्यच होते. या खासगी समजुतीला सार्वजनिक रूप देण्यासाठी पेपॅल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, एओएल, बँक ऑफ अमेरिका आदी कंपन्या एकत्र आल्या आणि ३० जानेवारी २०१२ रोजी त्यांनी डीमार्क जाहीर केले. डीमार्कचा आग्रह असा की, वाचणाऱ्याला दिसणारे 'फ्रॉम'मधील डोमेन आणि एसपीएफ वा डीकेआयएमने सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ बसला पाहिजे. दोहोंपैकी एकाचाही मेळ न बसल्यास काय करावे, हे डोमेनचा मालकच जाहीर करतो: काही करू नका, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा नाकारा.

आता मेलिंग लिस्टकडे पाहावे. लिफाफा यादीच्या नावाचा, तेव्हा एसपीएफ सिद्ध होते ते यादीसाठी. 'फ्रॉम'शी त्याचा मेळ नाही. डीकेआयएमची सही तर तळटिपेने मोडलेलीच. 'सेंडर' हा चिटणिसाचा रकाना डीमार्क पाहतच नाही. म्हणजे ज्या डोमेनने 'नाकारा' असे जाहीर केले आहे त्याच्या सभासदाचे पत्र यादीवरून गेले की ते खोट्या पत्रासारखेच दिसते. बँका मेलिंग लिस्टवर गप्पा मारायला येत नाहीत, म्हणून दोन वर्षे हे कोणाला जाणवले नाही.

एप्रिल २०१४ च्या पहिल्या आठवड्याअखेरीस याहूने आपल्या सामान्य ग्राहकांच्या पत्त्यांसाठी 'नाकारा' हे धोरण लागू केले. डीमार्कचा आरएफसी ७४८९ तेव्हा प्रसिद्धही झाला नव्हता. तो निघाला मार्च २०१५ मध्ये, आणि तोही केवळ माहितीपर म्हणून, इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफच्या सर्वसंमतीने नव्हे. जॉन लेव्हिन यांनी ७ एप्रिलला आयईटीएफच्याच यादीवर लिहून लक्ष वेधले की याहूने जगातील सगळ्या मेलिंग लिस्ट मोडल्या आहेत आणि त्यांत आयईटीएफच्या याद्याही आल्या. २२ एप्रिलला एओएलनेही तेच धोरण स्वीकारले.

यात शिक्षा कोणाला झाली, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. याहूचा पत्ता असलेल्या एका सभासदाने यादीवर पत्र टाकले. यादीने ते जीमेल, हॉटमेल आदींच्या सभासदांना वाटले. त्या सेवांनी याहूची आज्ञा प्रमाण मानून पत्र नाकारले आणि यादीकडे परत धाडले. यादीच्या आज्ञावलीचा जुना नियम असा की, एखाद्या सभासदाकडून पत्रे वारंवार परत येऊ लागली तर त्याचा पत्ता बंद पडला असे समजून त्याचे टपाल थांबवावे. त्यामुळे यादीतून गळू लागले ते जीमेल आणि हॉटमेलचे सभासद, ज्यांनी काहीही केले नव्हते. याहूचा सभासद मात्र जागच्या जागी, आणि आपले पत्र कोणाला पोहोचले नाही याचा त्याला पत्ताही नाही.

याहूची बाजूही मांडली पाहिजे. त्या काळात लोकांचे पत्तेकोश चोरून, त्यांतल्या ओळखीच्या माणसांना ओळखीच्याच नावाने खोटी पत्रे धाडण्याचे प्रकार बोकाळले होते. एओएलने तर हेच कारण उघडपणे दिले होते. ज्या वृद्ध गृहस्थाला मुलीच्या नावाने फसवे पत्र येते, त्याला मेलिंग लिस्टच्या परंपरेचे काय होय? 'नाकारा' म्हटल्याबरोबर त्या डोमेनच्या नावाची सरळ बनावट पत्रे रोखली गेली, यात शंका नाही. टपाल पाठविणाऱ्या सुमारे ३०,००० सेवांना या बदलाची झळ लागते हे याहूने आपल्या निवेदनात मान्य केले होते, आणि त्यांनी करावयाचा बदल फार कठीण नाही असेही म्हटले होते. लाभ मोठा आणि तोटा किरकोळ, असा तो हिशेब होता. मात्र लाभ ज्याच्या पदरी पडला आणि तोटा ज्याला सोसावा लागला ते वेगवेगळे होते, आणि दुसऱ्याला कोणी विचारले नव्हते.

याद्यांपुढे मार्ग थोडे होते. अशा डोमेनच्या सभासदांना लिहू न देणे हा एक. पत्राला कसलाही हात न लावणे हा दुसरा. जी यादी विषयात आपले नाव घालीत नाही आणि तळटीपही जोडीत नाही, तिच्यावरून जाताना मूळ सही शाबूत राहते. ज्याने लेखनसीमा पाळली तो वाचला, असे म्हणावयास हरकत नाही. मूळ पत्र अख्खेच्या अख्खे नव्या पत्रात गुंडाळून पाठविणे हा तिसरा मार्ग, पण अनेक मोबाइलवर ते धड उघडत नसे. उरला चौथा, 'फ्रॉम'च बदलण्याचा. मेलमनच्या मे २०१४ च्या आवृत्तीत अशी सोय झाली की पत्राचे डोमेन 'नाकारा' म्हणत असेल तरच नाव बदलावे. पुष्कळ चालकांनी कटकट नको म्हणून ती सर्वांनाच लावली. खुद्द आयईटीएफलाही हाच मार्ग धरावा लागला. तिच्या याद्यांवर अशा सभासदाच्या पत्त्यातील '@' च्या जागी '=४०' अशी खूण येते आणि सबंध पत्ता संस्थेच्या एका खास डोमेनखाली घातला जातो. ज्यांनी ई-मेलची व्याकरणे लिहिली त्यांनाच आपल्या सभासदांची नावे अशी वाकवून लिहावी लागतात.

या वाकवण्याचे परिणाम लहान दिसतात, पण ते साचत जातात. एकट्या लेखकाला द्यावयाचे खासगी उत्तर चुकून सर्वांच्या हाती पडते. पत्तेकोशात माणसाच्या नावापुढे यादीचा पत्ता जाऊन बसतो. संगणकीय आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या जगात तर कर्तृत्वाचाच घोटाळा झाला. तेथे यादीवर आलेल्या पत्रातील 'फ्रॉम' हाच त्या सुधारणेचा कर्ता म्हणून कायमच्या इतिहासात नोंदविला जातो. क्यूईएमयू या प्रकल्पाच्या नोंदींत काही सुधारणांचा कर्ता 'व्हाया' यादी असा लागला. तो दुरुस्त करण्यासाठी खऱ्या नावांचे कोष्टक ठेवावे लागले आणि असे पत्र आल्यास इशारा देणारी तपासणीही बसवावी लागली. लेखकाचे नाव मजकुराच्या पोटात पुन्हा लिहावे, अशी सोय गिटमध्येही करण्यात आली. मथळ्यावरचा विश्वास उडाल्यावर नाव मजकुरात शिरले.

सप्टेंबर २०१६ मध्ये आरएफसी ७९६० ने या साऱ्या अडचणींची पद्धतशीर नोंद केली. जुलै २०१९ मध्ये आरएफसी ८६१७ ने एआरसी नावाचा उपाय प्रयोग म्हणून पुढे ठेवला. यात वाटेतला प्रत्येक मध्यस्थ आपल्या हाती पत्र आले तेव्हा त्याची सही जुळत होती की नाही याची साक्ष स्वतःच्या सहीनिशी जोडतो, आणि अशी साक्षींची साखळी बनते. योजना सुरेख आहे. पण साक्षीदार विश्वासू की नाही हे शेवटी पत्र घेणाऱ्याने ठरवायचे. मोठ्या सेवा एकमेकींना ओळखतात. चाळीस प्राध्यापकांची यादी चालविणाऱ्या गृहस्थांची साक्ष कोण मानणार?

दरम्यान धोरण अधिक सार्वत्रिक झाले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल पाठविणाऱ्यांना तिन्ही परीक्षा बंधनकारक केल्या. गूगलच्या बाबतीत ही सीमा दिवसाला ५,००० पत्रांची. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही तीच वाट धरली. ज्या कंपनीच्या एका निर्णयाने हे सारे सुरू झाले, तिचे याहू ग्रुप्स तत्पूर्वीच १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले होते.

या इतिहासाचा अर्थ आम्हांस असा दिसतो की, बारा-तेरा वर्षांत 'फ्रॉम' या शब्दाचा अर्थ पालटला. पूर्वी तो 'हे कोणी लिहिले' या प्रश्नाचे उत्तर होता. आता तो 'या पत्राची हमी कोणते घर देते' या प्रश्नाचे उत्तर झाला आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि १९८२ च्या मंडळींनी त्यांसाठी दोन रकानेही ठेवले होते. परंतु सामान्य वाचक एकच रकाना पाहतो आणि फसविणाराही त्याच रकान्यात खोटे बोलतो, म्हणून पहारा तेथेच बसला. आपल्या पत्त्यातील '@' च्या अलीकडचे नाव आपले असते, पलीकडचे नसते. आपले पत्र कोणत्या वाटेने जावे हे पलीकडच्या नावाचा मालक ठरवू शकतो, हे २०१४ पर्यंत आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले होते. पहारा नसावा असे आम्ही म्हणणार नाही. बनावट पत्रांचे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. मात्र पहारेकऱ्याने खोटा माणूस आणि दुसऱ्याचा निरोप प्रामाणिकपणे पोहोचविणारा जासूद यांत फरक केला नाही, आणि त्याची किंमत जासुदाने आपल्या धन्याचे नाव टाकून दिली, याची नोंद कोठेतरी राहिली पाहिजे.

सरांच्या पत्रांचे काम अखेर पुरे झाले. ते आम्हांस जुन्या पद्धतीनेच करावे लागले. २०१८ नंतरची सर्व पत्रे वाचून काढली, शैलीवरून आणि ठरलेल्या शब्दांवरून काही ओळखली, काहींची शहानिशा त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतींवरून केली. बहुतेक पत्रांत एवढ्या खटाटोपाची गरज पडली नाही. कागदावर लिहिण्याची सवय असल्यामुळे सर ई-मेलच्या खालीही न चुकता स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि तिथी लिहीत असत. आम्ही तरुणपणी त्यांच्या या सवयीची थोडी थट्टा केली होती. तीन पत्रे अशी उरली की ज्यांखाली नाव नाही. ती त्यांचीच असावीत असे आम्हांस वाटते, पण संग्रहात ती आम्ही परिशिष्टात ठेवली आहेत, 'कर्ता अनिश्चित' या मथळ्याखाली.